जनरलसाहेब आणि कोटद्वारची ४,६२३ मतं

निवडणूक तोंडावर आली की एखादा निवृत्त सेनाधिकारी कुठल्यातरी पक्षाच्या व्यासपीठावर उभा राहतो. गळ्यात उपरणं पडतं, फ्लेक्सवर वर्दीतला जुना फोटो लागतो, छातीवरच्या पदकांच्या फिती नीट दिसतील असा. मग ठरलेला वाद सुरू होतो. एका बाजूचं म्हणणं असं की या देशाला शिस्त हवी, फौजी माणूस चोरी करणार नाही, एकदा संधी देऊन बघा. दुसरी बाजू म्हणते, यांनी वर्दीची पुण्याई बाजारात मांडली, सैन्याला राजकारणात ओढलं, शेजारच्या देशाची वाट धरली. दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलतात आणि दोन्हीकडचे लोक फक्त वर्दीबद्दल बोलतात. तिच्या आतल्या माणसाने पुढे काय केलं, कोणतं खातं सांभाळलं, कुठे कमी पडला, याची चौकशी कोणी करत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. वर्दी ही राजकारणातली पात्रता नव्हे, आणि तो डागही नव्हे. माजी सैनिक मतं मागायला आला की तो राजकारणी झाला, त्याला राजकारण्याच्याच मापाने मोजलं पाहिजे. सैनिकाबद्दलचा आदर मला मोलाचा वाटतो. पण मतदान करताना हाच आदर आपल्या आळसावर पांघरूण घालतो. एक चांगला माणूस निवडून दिला की झालं, कायदा काय, संस्था कशा, पक्ष आतून कसा चालतो हे बघायची गरज उरली नाही, अशी आपण स्वतःची समजूत काढतो. नुसत्या तत्त्वाने हे कोणाला पटणार नाही, म्हणून एका माणसाची कारकीर्द समोर ठेवतो: उत्तराखंडचे दोनदा मुख्यमंत्री झालेले मेजर जनरल भुवनचंद्र खंडूरी.

खंडूरींचा जन्म १९३४ चा, डेहराडूनचा. १९५४ मध्ये ते सैन्याच्या इंजिनिअर्स कोअरमध्ये दाखल झाले, फौजी भाषेत सॅपर झाले. पूल बांधणं, सुरुंग काढणं, बाकीच्या पलटणींना वाट करून देणं हे सॅपरचं काम. पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये त्यांचं शिक्षण झालं. पस्तीसेक वर्षांची नोकरी, अतिविशिष्ट सेवा पदक, आणि १९९१ मध्ये भाजपच्या तिकिटावर गढवालमधून थेट लोकसभा. गढवाल हा फौजी परंपरेचा मुलूख. लॅन्सडाउनला गढवाल रायफल्सचं केंद्र आहे, गावोगाव पेन्शनरांची घरं आहेत. तरीही त्याच मतदारांनी १९९६ मध्ये जनरलसाहेबांना पाडलं आणि १९९८ मध्ये पुन्हा निवडून दिलं. वर्दी दिसली की मत पडतं हा समज खुद्द फौजींच्याच मुलखात तेव्हा खोटा ठरला होता.

आता शिस्तवाद्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो खरोखर भक्कम आहे. २००० च्या नोव्हेंबरात वाजपेयींनी खंडूरींकडे रस्ते वाहतूक आणि महामार्ग खातं सोपवलं. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता या चार महानगरांना जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोण तेव्हा बांधायचा होता. पुण्याहून सातारा, कोल्हापूर करत बेळगावला जाणारा आपला चौपदरी रस्ता त्याचाच भाग. ज्यांनी त्याआधीचा अरुंद रस्ता पाहिलाय, ट्रकच्या मागे घाटात तासन्‌तास रखडलेली एसटी ज्यांना आठवते, त्यांना फरक समजावून सांगायला नको. पैशाच्या बाबतीत स्वच्छ आणि कंत्राटदारांशी कडक अशी खंडूरींची ख्याती होती. सरकारी काम वेळेत पुढे सरकू शकतं, हे लोकांना डोळ्यांनी दिसलं. हे श्रेय त्यांच्याकडून काढून घेण्यात मला काहीही अर्थ वाटत नाही.

पण तो रस्ता झाला कशाच्या जोरावर? त्यामागे पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक रुपया उपकर होता आणि तो रस्त्यांसाठीच राखून ठेवणारा २००० सालचा केंद्रीय रस्ते निधी कायदा होता. काम करून घ्यायला राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण नावाची वेगळी यंत्रणा होती. आणि हा आपला प्रकल्प आहे असं मानणारा पंतप्रधान डोक्यावर होता. म्हणजे पैसा, यंत्रणा आणि वरचा आधार तिन्ही तयार होतं. त्यावर एक कर्तबगार मंत्री बसला आणि काम धावलं. हाच माणूस पुढे स्वतःच्या राज्याचा मुख्यमंत्री झाला, तेव्हा स्वभाव तोच होता, प्रामाणिकपणा तोच होता, शिस्तही तीच होती. मग तिथे तो सव्वादोन वर्षांत का पडला? स्वभाव हेच यशाचं कारण असेल, तर एकाच स्वभावाची दोन फळं इतकी वेगळी कशी?

आणि त्या रस्त्याच्याच कथेत एक पान असं आहे जे कौतुक करणारे उलटून पुढे जातात. सत्येंद्र दुबे हा कानपूर आयआयटीतून शिकलेला अभियंता झारखंडमधल्या कोडरमाजवळ याच प्रकल्पावर होता. निकृष्ट काम आणि परस्पर दिलेली पोटकंत्राटं यांबद्दल त्याने थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट टेबलांवरून फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ च्या पहाटे गयेत स्टेशनवरून घरी जाताना त्याला गोळी घालून मारलं. सीबीआयने तपासाअंती लुटीसाठी झालेला खून असा निष्कर्ष काढला आणि २०१० मध्ये तिघांना शिक्षा झाली. मी त्या निकालापलीकडचं काही सुचवत नाही, आणि खंडूरींच्या सचोटीवर यातून शिंतोडा उडवायचाही हेतू नाही. पण खात्याचा मंत्री निष्कलंक जनरल होता, आणि तरी त्याच खात्याच्या प्रकल्पावरच्या एका प्रामाणिक माणसाचं नाव झाकून ठेवणारी साधी व्यवस्था सरकारकडे नव्हती. वरच्या माणसाची सचोटी पाझरत पाझरत खालच्या टेबलापर्यंत पोचतेच असं नाही. तिथे नियम लागतो, आणि नियम मोडणाऱ्याला धाक लागतो. तक्रारदाराला संरक्षण देणारा कायदा संसदेने केला तो २०१४ मध्ये.

२००७ च्या मार्चमध्ये खंडूरी मुख्यमंत्री झाले. सत्तर जागांच्या विधानसभेत भाजपला स्पष्ट बहुमत नव्हतं, उत्तराखंड क्रांती दल आणि अपक्षांच्या टेकूवर सरकार उभं होतं. त्यात खंडूरी स्वतः खासदार, आमदार नव्हेतच. आमदारांमधला एक मोठा गट भगतसिंह कोश्यारींच्या मागे होता, तेच कोश्यारी जे पुढे आपल्या राजभवनात आले. अशा सरकारात बदल्यांच्या शिफारशी, कंत्राटांचे निरोप, महामंडळांच्या खुर्च्या यांची रांग लागते. खंडूरींनी ती रांग तोडली असं त्यांचे चाहते सांगतात. साहेब भेटतच नाहीत, दोन-चार अधिकारी राज्य चालवतात, असं त्यांच्याच पक्षाचे आमदार सांगत होते. २००९ च्या लोकसभेत राज्यातल्या पाचही जागा गेल्या आणि जूनमध्ये त्यांना पायउतार व्हावं लागलं.

इथे शिस्तवादी लगेच म्हणतात, बघा, प्रामाणिक माणसाला राजकारण्यांनी टिकू दिलं नाही. यातलं निम्मं मला मान्य आहे. बदलीची चिठ्ठी परत पाठवणं योग्यच होतं. उरलेलं निम्मं मात्र मान्य नाही. आमदाराची मागणी नाकारणं वेगळं आणि त्याचं ऐकूनच न घेणं वेगळं. आमदार हा शिपाई नव्हे. त्याला पन्नास-साठ हजार मतदारांनी पाठवलेलं असतं आणि त्याचं गाऱ्हाणं बऱ्याचदा त्यांचंच असतं. शिवाय ऐकून घेणं ही काही फौजेला अनोळखी गोष्ट नाही. पलटणीत ‘दरबार’ भरतो. कमांडिंग ऑफिसर सगळ्या जवानांपुढे उभा राहतो, आणि रजा, लंगर, घरचा जमिनीचा तंटा, जे असेल ते जवान उठून बोलू शकतो. चांगला सीओ ते ऐकतो कारण उद्या त्याच माणसांना घेऊन त्याला डोंगर चढायचा असतो. म्हणजे ‘फौजेत फक्त हुकूम चालतो’ हे बाहेरच्यांनी रंगवलेलं चित्र आहे. त्याच चित्राच्या प्रेमात पडून आपण माजी सैनिकाकडून हुकूमशाही थाटाची अपेक्षा करतो, आणि कधीकधी तोही त्या अपेक्षेला बळी पडतो.

हे मी अगदी जवळून पाहिलंय. माझे मामा सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि वर्षभरात गावाने त्यांना बिनविरोध सरपंच केलं. पहिलंच काम पाणंद रस्त्याचं निघालं. नकाशावर रस्ता होता, शिवारात नव्हता. दोन्हीकडच्या भावकीने बांध सरकवत सरकवत त्याची पायवाट केली होती. मामांनी मोजणी मागवली, नोटिसा काढल्या, तारीख ठरवली. त्या दिवशी जेसीबी आला तेव्हा दोन म्हाताऱ्या वाटेत आडव्या बसल्या होत्या. नकाशा, शिक्का, कायदा सगळं मामांच्या बाजूने, आणि जेसीबी परत गेला. तो पावसाळाभर मामा रोज संध्याकाळी एकेका घराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. कोणाच्या विहिरीची पाइपलाइन मध्ये येत होती, कोणाला आंब्याचं झाड वाचवायचं होतं, एकाला फक्त चुलतभावाने आधी मागे सरावं एवढंच हवं होतं. दिवाळीनंतर रस्ता मोकळा झाला, नकाशापेक्षा दोन ठिकाणी वळसे घेऊन. गावात कोणी विचारलं की मामा त्या वळशांकडे बोट दाखवायचे आणि ते कोणामुळे आले ते कौतुकाने सांगायचे. फौजेतल्या अठ्ठावीस वर्षांचा त्यांना उपयोग झाला तो चिकाटीसाठी. ओट्यावर बसणं मात्र त्यांना नव्याने शिकावं लागलं.

दुसऱ्या बाजूकडे वळतो. वर्दीवाल्यांनी राजकारणापासून दूरच राहावं असं म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. पाकिस्तानात १९५८ मध्ये अयूब खान, १९७७ मध्ये झिया, १९९९ मध्ये मुशर्रफ, प्रत्येक वेळी लोक म्हणाले की आता शिस्त येईल. आपल्याकडेही मार्च २०१९ मध्ये निवडणूक आयोगाला सगळ्या पक्षांना बजावावं लागलं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. सेवेतल्या जवानाला राजकीय सभेला जायलाही नियमाने मनाई आहे, आणि ती असलीच पाहिजे. यातला सगळ्यात टोकदार मुद्दा निवृत्तीच्या आसपासच्या काळाचा आहे. शेवटच्या वर्षात ज्या सेनापतीची नजर तिकिटावर असेल तो सरकारला कडू सल्ला देईल का? वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षाच्या आत खासगी कंपनीत जायचं तर सरकारची परवानगी लागते. पक्षात जायला एक दिवसही थांबावं लागत नाही. हे उलटं आहे. वरच्या हुद्द्यांसाठी किमान दोन वर्षांचा मोकळा काळ हवा, असं मला ठामपणे वाटतं.

पण यावरून माजी सैनिकाची उमेदवारीच वाईट ठरवायची, हे तर्काला धरून नाही. अयूब आणि मुशर्रफ सत्तेवर आले ते फौज घेऊन, मतपेटीतून नव्हे. आपल्याकडे भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा १९७१ मध्ये मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. सैन्याचा एवढा मोठा माणूस, आणि मुंबईकरांनी त्याला आदराने नाकारलं. त्या पराभवाने लोकशाहीचं काय बिघडलं? जो माणूस मतदारापुढे हात जोडतो आणि निकाल विरुद्ध गेला तर घरी जातो, त्याच्यात आणि रणगाडे घेऊन येणाऱ्यात वर्दीशिवाय कोणतं साम्य आहे?

मिझोरमचं उदाहरण तर या मंडळींनी जरूर वाचावं. १९६६ च्या उठावानंतर तिथे सैन्याने गावंच्या गावं उठवून रस्त्याकडेच्या वस्त्यांमध्ये कोंबली होती. त्या काळात सैन्याच्या अत्याचारांविरुद्ध मानवी हक्क समिती कोणी उभी केली? निवृत्त ब्रिगेडियर थेनफुंगा सायलो यांनी, १९७४ मध्ये. पुढे त्यांनी पीपल्स कॉन्फरन्स हा पक्ष काढला आणि १९७८ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. सैन्य आतून कसं चालतं हे माहीत असलेला माणूस सैन्याला जाब विचारू शकला, कारण त्याच्या देशभक्तीवर शंका घेणं कोणालाच सोपं नव्हतं. वर्दीची पुण्याई अशीही खर्च होऊ शकते. आणि याच ब्रिगेडियरचं पहिलं सरकार त्याच वर्षी काही महिन्यांत पक्षातल्या फुटीने कोसळलं, हेही त्याच कहाणीत आहे. ते १९७९ मध्ये पुन्हा निवडून आले आणि १९८४ मध्ये हरले.

इतिहासात यापेक्षा जुना दाखला हवा असेल तर तो आपल्या जालना जिल्ह्यातच सुरू होतो. १८०३ च्या सप्टेंबरात असईला ज्या आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, तोच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. १८२९ मध्ये कॅथलिकांना संसदेची दारं उघडण्याचा प्रश्न आला. त्याचा स्वतःचा पक्ष विरोधात, त्याचं आधीचं मतही विरोधात. पण आयर्लंड पेटेल हे ओळखून त्याने माघार घेतली आणि कायदा करून घेतला. रणांगणावर माघारीची वेळ ओळखणं ही सेनापतीची विद्याच, ती इथे कामी आली. पुढच्याच वर्षी मतदानाच्या सुधारणेची मागणी उठली तेव्हा मात्र, आहे ती व्यवस्था उत्तम आहे, असं सांगून तो अडून बसला आणि दोन आठवड्यांत सत्ता गेली. माणूस एकच, फौजी अनुभवही एकच. एकदा त्याने समोरचा जमाव वाचला, एकदा वाचला नाही. यात वर्दीचा गुण कोणता आणि दोष कोणता, हे कोणी सांगू शकेल?

वर्दी म्हणजे निष्ठा, असंही एक समीकरण आपल्या डोक्यात असतं. मुख्यमंत्री झालेल्या खंडूरींना विधानसभेत निवडून यायचं होतं. त्यांच्यासाठी धुमाकोटची जागा रिकामी करून दिली ती काँग्रेसच्या आमदाराने. ते होते लेफ्टनंट जनरल तेजपालसिंह रावत, आधीच्या काँग्रेस सरकारमधले मंत्री. मग खंडूरींनी सोडलेल्या गढवाल लोकसभेच्या जागेवर तेच रावत भाजपकडून निवडून आले. पुढे त्यांनी स्वतःची वेगळी आघाडीही काढली. दोन जनरल, दोन जागा आणि एक पक्षांतर. मी याला बेइमानी म्हणत नाही, राजकारणात असे सौदे होतात आणि मतदारांनी ते मान्यही केले. पण हेच दोन बिगरफौजी नेत्यांनी केलं असतं तर आपण कोणते शब्द वापरले असते, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं.

वर्दीचा आदर किती वरवरचा असतो हे २०१८ मध्ये दिसलं. खंडूरी तेव्हा संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. मार्चमध्ये समितीचा अहवाल आला. सैन्याच्या उपप्रमुखांनी समितीपुढे सांगितलं होतं की ६८ टक्के सामग्री जुनाट गटात मोडते, अद्ययावत फक्त ८ टक्के आहे. आधीच कबूल केलेल्या देण्यांसाठी २९,०३३ कोटी रुपये लागणार होते आणि आधुनिकीकरणाला मिळाले होते २१,३३८ कोटी. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला एका माजी जनरलने आकड्यांनिशी धरलं होतं. माझ्या मते खंडूरींच्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोलाचं काम, रस्त्यांपेक्षाही. इथे त्यांचा फौजी अनुभव पुरेपूर कामाला आला, आणि तो हुकूम सोडायला नव्हे तर प्रश्न विचारायला. त्याच सप्टेंबरात समितीचं अध्यक्षपद दुसऱ्या खासदाराकडे गेलं. फौजी माणसाच्या नावाने एरवी घोषणा देणारे किती जण त्या दिवशी बोलले? अहवाल किती जणांनी वाचला?

आता कोटद्वार, म्हणजे २०१२ च्या विधानसभेतला खंडूरींचा मतदारसंघ. २०११ च्या सप्टेंबरात निवडणुकीला पाच महिनेही उरले नसताना पक्षाने खंडूरींना पुन्हा मुख्यमंत्री केलं. देशभर अण्णा हजारेंच्या आंदोलनाचं वारं होतं. १ नोव्हेंबरला उत्तराखंड विधानसभेने लोकायुक्त विधेयक मंजूर केलं, मुख्यमंत्र्यालाही चौकशीच्या कक्षेत आणणारं. अण्णांनी, म्हणजे दुसऱ्या एका माजी सैनिकाने, त्याचं कौतुक केलं. टीकाकारांनी एक खरी खोट दाखवली: मुख्यमंत्री, मंत्री, आमदार यांच्या चौकशीला लोकायुक्ताच्या सगळ्या सदस्यांची एकमुखी संमती लागणार होती. तो आक्षेप बिनतोड होता. तरीही ज्या खुर्चीवर आपण बसलोय तिच्यावर पहारा बसवणारा कायदा त्या माणसाने केला, हे माझ्या लेखी मोठं आहे.

जानेवारीत प्रचार झाला तो या कायद्यावर नव्हे. ‘खंडूरी है जरूरी’ ही घोषणा भिंतींवर रंगली. एका माणसाच्या नावावर सगळी निवडणूक लढवली गेली. ६ मार्च २०१२ ला मतमोजणी झाली. काँग्रेस ३२, भाजप ३१, आणि कोटद्वारमध्ये खुद्द खंडूरी ४,६२३ मतांनी पराभूत. पक्षातल्याच लोकांनी भितरघात केल्याची चर्चा पुढे कितीतरी दिवस चालली. ती एक जागा आली असती तर आकडे उलटे झाले असते. खंडूरींनी राजीनामा दिला, सत्ता विनातक्रार दुसऱ्या हाती गेली.

त्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती २०१३ मध्ये मिळाली. तोवर सरकार बदललं होतं. नव्या सरकारने २०१४ मध्ये तो कायदा बाजूला सारून स्वतःचा कायदा आणला. त्यानंतर काँग्रेस गेली, भाजप आली, लोकायुक्त मात्र नेमला गेला नाही. डेहराडूनमध्ये लोकायुक्तांचं कार्यालय होतं, कर्मचारी होते, दरवर्षी त्यांच्या पगारावर आणि कार्यालयावर खर्च होत होता, तक्रारी येऊन पडत होत्या आणि मुख्य खुर्ची रिकामी होती. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की आठ आठवड्यांत नेमणूक करा. मधल्या दहा वर्षांत तिथे विधानसभेच्या आणि लोकसभेच्या निवडणुका झाल्या, आणि प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या फ्लेक्सवर वर्दीतला एक फोटो होता.